लगाम, वेसण आणि 'डॉट-४'

मराठीला आवर घालण्याच्या साधनांची वाण कधी पडलेली नाही. घोड्याला लगाम आणि पायबंद, बैलाला वेसण आणि कासरा, ओढाळ गुराला लोढणे. ह्यांतले प्रत्येक साधन दुसऱ्या जिवाच्या अंगावर चढवायचे असते. आवरणारा वेगळा आणि आवरला जाणारा वेगळा. मोटारीत मात्र पळवणारा आणि थांबवणारा एकच, आणि अलीकडच्या क्लचविरहित गाड्यांत तर ही दोन्ही कामे एकाच उजव्या पायाची. कदाचित म्हणूनच 'ब्रेक'साठी आपल्या जुन्या शब्दांपैकी एकही चालला नाही. परिभाषाकारांनी 'गतिरोधक' दिला खरा, पण तो रस्त्यावरच्या उंचवट्याने बळकावला. आता गतिरोधक म्हटले की शाळेजवळची पाटीच आठवते. उरला 'ब्रेक', आणि त्याचाही मराठीतला वापर पाहावा तर तो कायम तक्रारीच्या सुरात. 'विकासकामांना ब्रेक', 'भरतीला ब्रेक' असे मथळे रोज येतात. थांबता येणे हे एक सामर्थ्य आहे, ही छटा त्या शब्दाला मराठीत अजून चिकटलेली नाही.

ही शब्दांची उठाठेव आम्हांला सुचली ती मात्र एका निखळ व्यावहारिक प्रश्नामुळे. आम्ही म्हणजे दोघे मावसभाऊ. एक जळगावात मराठी शिकवतो, दुसरा धुळ्यात. दोघांत मिळून एक गाडी आहे, २०१४ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, दुसऱ्या हाताने घेतलेली. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी, बाराशे सीसीचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. २०२२ मध्ये पोलोचे भारतातले उत्पादन थांबले, त्यामुळे तिच्यावर आता थोडी स्मरणरंजनाची साय धरू लागली आहे. १९७६ च्या गोल्फ जीटीआयने जी जात युरोपात रुजवली, म्हणजे दिसायला चारचौघांसारखी, मागे डिकीचे दार असलेली लहान गाडी आणि पोटात तिच्या वयाला न शोभणारे इंजिन, तिला इंग्रजीत 'हॉट हॅच' म्हणतात. आमची गाडी त्या घराण्यातली दूरची, गरीब शाखा. पण शाखा त्याच झाडाची.

वर्षातून एकदा आम्ही ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या धावपट्टीवर नेतो. हौशी लोकांसाठी तिथे 'ट्रॅक डे' भरतो. ही शर्यत नव्हे; कुणी पहिला येत नाही, कुणी दुसरा येत नाही. पैसे भरावेत, हेल्मेट घालावे, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांत आपली गाडी आपल्या कुवतीइतकी पळवावी आणि उरलेला वेळ सावलीत इतरांच्या गाड्यांची बॉनेटे उघडून पाहावीत. १९९० पासून ही पट्टी वापरात आहे. तिची लांबी ३.७ किलोमीटर. खान्देशातून तिथवर हजार किलोमीटरहून अधिक अंतर पडते, आणि इथेच आमच्या प्रश्नाचे मूळ आहे. श्रीमंतांच्या गाड्या ट्रकवर चढून येतात. आमची स्वतःच्या चाकांवर जाते, स्वतःच्या चाकांवर परत येते आणि दिवाळीत हीच गाडी आमच्यापैकी एकाच्या आईला, म्हणजे दुसऱ्याच्या मावशीला, चाळीसगावहून औट्रम घाटाने कन्नडला माहेरी पोहोचवते आणि परत आणते.

गेल्या वेळी चौथ्या फेरीत ब्रेकचे पॅडल मऊ झाले. ज्यांना हा अनुभव नाही त्यांना तो सांगणे अवघड आहे. पाय टेकतो तिथे नेहमी एक कठीणपणा भेटतो, भिंतीला हात लावल्यासारखा. त्या दिवशी भिंतीच्या जागी उशी होती. सरळ पट्टीच्या शेवटी अंतराचे फलक असतात, दीडशे मीटर, शंभर, पन्नास. शंभराच्या फलकापाशी ब्रेक लावला, पन्नासाशी गाडीने तो ऐकल्यासारखे केले, आणि वळण आमच्या अंदाजापेक्षा बरेच लवकर आले. बाहेरच्या मोकळ्या मातीत आम्ही नीट थांबलो. धावपट्टीला तशी जागा ठेवलेली असते. घाटाला नसते, हे वाक्य त्या क्षणी आमच्यापैकी कुणीच उच्चारले नाही, पण दोघांच्याही मनात तेच होते.

मुक्कामावर ब्रेक ऑइल काढून पाहिले तर कोऱ्या चहाच्या रंगाचे. गाडी घेताना मिळालेल्या पुस्तिकेत एका कार्यशाळेचा ते बदलल्याचा शिक्का होता. शिक्का खरा असेल, ऑइल मात्र जुनेच होते. ह्या द्रवाचा स्वभाव असा की तो हवेतले पाणी शोषतो. त्याच्या प्रती ठरवणारी 'डॉट' ही अक्षरे अमेरिकेच्या परिवहन खात्याची. डॉट-४ प्रतीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच अट १५५ अंशांवर येते. द्रव उकळला की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत न पोचता त्या बुडबुड्यांतच जिरतो. पॅडल मऊ लागते ते ह्यामुळे. खान्देशातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्याला लोक ह्याबाबत उगाच दोष देतात. जी तबकडी चारशे अंशांना जाणार तिला सुरुवातीचे वीस अंश कमी-जास्त असले तर फारसा फरक पडत नाही. ब्रेकचा खरा शत्रू इथला वैशाख नसून आषाढ-श्रावण आहे.

हे चारशे अंश येतात कुठून, हा हिशोब आम्ही बसून केला. दोघांनीही दहावीनंतर भौतिकशास्त्राला रामराम ठोकलेला, पण एवढे जमण्यासारखे आहे. गाडीचे वजन चालकासह १२०० किलो धरावे. वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते, आणि सगळी गोम तिथेच आहे. ताशी १५० वरून ६० वर यायचे तर सुमारे पावणेनऊ लाख ज्यूल ऊर्जा काही क्षणांत कुठेतरी टाकावी लागते. साधारण तीन लिटर नळाचे पाणी उकळीला आणायला लागते तेवढी ही उष्णता, आणि तिच्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा वाटा पुढच्या दोन बिडाच्या तबकड्यांवर येतो, कारण ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो. सहा-सहा किलोच्या तबकड्या धरल्या तर एका दमात तापमान शंभर अंशांनी चढते. दोन-अडीच मिनिटांच्या एका फेरीत असे चार-पाच दम. मध्ये वाऱ्याने जेवढे निवेल तेवढे निवेल. रोजच्या वापराचे पॅड साडेतीनशे-चारशेच्या पुढे पकड सोडू लागतात. त्यांतले बांधून ठेवणारे राळेसारखे द्रव्यच जळू लागते. म्हणजे ब्रेक दोन निरनिराळ्या रीतींनी दगा देतात. पॅड हरले तर पॅडल कठीण राहते पण गाडी थांबत नाही. द्रव हरला तर पॅडलच खाली जाते. आमचे दुसऱ्या प्रकारचे होते, आणि उपाय निवडण्याआधी हे कळणे फार महत्त्वाचे, कारण दुकानदार दोन्हींवर एकच औषध देतात.

मग तोच हिशोब घाटाला लावून पाहिला. उतरण ढोबळमानाने २५० मीटरची धरली आणि चौघांसह गाडी १४०० किलोची, तर संपूर्ण घाट फक्त ब्रेकवर उतरायला साधारण ३४ लाख ज्यूल लागतात. धावपट्टीवरचे चार दम. आमच्यासाठी हा आकडा दिलासा देणारा होता. पण चाळीस टनांच्या ट्रकला तीच उतरण साडेनऊ कोटींच्या पुढे जाते, आणि त्याला सहसा तबकड्या नसून ड्रम असतात. तापलेला ड्रम फुगून आतल्या शूपासून दूर सरकतो, म्हणजे जेवढी गरज वाढते तेवढी पकड कमी होते. त्यातून डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा उरलासुरला आवरही सुटतो. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला, मुंबई-आग्रा महामार्गावर, एक कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात घुसला. ब्रेक निकामी झाल्याचे पोलिसांनी सांगितले. किमान दहा माणसे गेली. आमच्यापैकी धुळ्याच्या भावाच्या वर्गात त्या पट्ट्यातली मुले होती. त्या आठवड्यात त्याने हजेरी घेतली नाही. मावशीच्या यजमानांनी उभी हयात एस.टी.चे स्टिअरिंग धरले होते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा त्यांचा नियम घरातल्या लहान मुलांनाही पाठ आहे.

घाटाच्या ह्याच परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी, पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाचा शिलालेख तिथला. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, यंत्रांच्या प्रकरणात, पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या एका चाकाचे वर्णन केले आहे. एकदा फिरवले की ते आपले आपण फिरत राहील अशी कल्पना होती. असे चाक होऊ शकत नाही हे आज शाळकरी मुलेही सांगतील. पण न थांबणाऱ्या चाकाचे स्वप्न ज्याच्या नावाने जपले गेले त्याच्याच वाटेवर चाक थांबवण्याची पंचाईत लोकांना रोज पडावी, ह्याची आम्हांला मोठी गंमत वाटते. असो.

निवडीचा प्रश्न निघाला तेव्हा आमच्यात चक्क दोन पक्ष पडले. धुळ्याच्या पक्षाला चार पिस्टनचे मोठे कॅलिपर आणि रुंद तबकड्या ह्यांचा संपूर्ण संच हवा होता. जळगावच्या पक्षाचे म्हणणे होते, आधी द्रव आणि पॅड. पहिल्या पक्षाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डनलॉपच्या तबकड्या लावून ड्रमवाल्यांना मागे टाकले, आणि त्यांच्या विजयात इंजिनाइतकाच हात उशिरा ब्रेक लावता येण्याचा होता. मोठी तबकडी म्हणजे उष्णता साठवायला मोठे भांडे, हेही खरे. पण ह्या संचाबद्दल जो सार्वत्रिक समज आहे, की त्याने गाडी कमी अंतरात थांबते, तो टिकत नाही. आमच्या मूळच्या ब्रेकमध्येही चाक अडकवण्याइतका जोर आहे. तसे नसते तर एबीएसला हस्तक्षेप करावाच लागला नसता. पहिल्या, थंड अवस्थेतल्या थांब्याचे अंतर टायरची पकड ठरवते. मोठे ब्रेक पहिला थांबा आखूड करत नाहीत, ते विसावा थांबा पहिल्यासारखा करतात. ह्या फरकाचा नीट विचार व्हायला हवा, कारण आम्हांला विसाव्या थांब्याची गरज वर्षातून एकच दिवस पडते.

शिवाय एक भाग बदलला की वाक्यातला शब्द बदलल्यासारखे होते, पुढची सगळी विभक्ती बदलावी लागते. पुढे मोठे पिस्टन आले की मास्टर सिलिंडरला जास्त द्रव ढकलावा लागतो, पॅडल लांब जाते. पुढचा जोर वाढतो, मागे मात्र आमच्या गाडीला अजून ड्रमच आहेत. त्यांचा वाटा आणखी घटतो आणि कंपनीने राखलेला पुढच्या-मागच्या जोराचा तोल ढळतो. मूळच्या पंधरा इंची चाकांत मोठा कॅलिपर मावत नाही, म्हणजे चाके नवी, टायर नवे. आणि नोंदणीपुस्तिकेशी विसंगत फेरफारांविषयी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले ५२ वे कलम आहेच. अपघातानंतर विमा कंपनीशी त्यावर वाद घालण्याची हौस आम्हांला नव्हती.

जळगावच्या बाजारात ह्या निमित्ताने आम्हांला एक वस्तू दिसली, तिचा उल्लेख समीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी केलाच पाहिजे. लाल रंगाची, कॅलिपरच्या आकाराची, प्लास्टिकची कव्हरे मिळतात. ती मागच्या ड्रमवर चिकटवायची. चाकाच्या आऱ्यांतून पाहणाऱ्याला वाटते, आत काहीतरी भारी आहे. अलंकार आणि आशय ह्यांचे नाते शिकवायला इतके स्वच्छ उदाहरण आम्हांला काव्यशास्त्रात सापडलेले नाही. वरून ती कव्हरे ड्रमभोवतीचा वारा अडवतात, ते निराळेच. छिद्रे पाडलेल्या तबकड्यांची गोष्ट त्याहून जरा बरी, पण फार नव्हे. जुन्या पॅडमधून निघणारा वायू बाहेर जावा म्हणून ती छिद्रे होती. आजच्या पॅडना त्यांची फारशी गरज नाही, आणि सततच्या तापण्या-निवण्याने भेगा पडू लागतात त्या नेमक्या छिद्रांच्या कडांपासून.

भांडण मिटवले धुळ्याच्या एका वयस्कर मेस्त्रींनी. त्यांची हयात ट्रकच्या लायनरमध्ये गेली, आमच्यासारख्यांच्या गाड्या ते विरंगुळा म्हणून पाहतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि अहिराणीत एवढेच विचारले, "तुम्हले गाडी पयाडनी शे का थांबाडनी शे?" दोन्ही, असे आम्ही म्हणालो. मग त्यांनी मराठीत, आमच्या सोयीसाठी सावकाश, सांगितले की पॅड निवडताना तो किती तापेपर्यंत टिकतो हे सगळे विचारतात, किती थंड असताना चावतो हे कुणी विचारत नाही.

खरा पेच तिथेच होता, आणि आमच्या दोन्ही पक्षांच्या वादात तो बाजूला पडला होता. शर्यतीचे पॅड सहाशे अंशांनाही दाद देत नाहीत, पण थंड असताना त्यांची पकड कमी असते. दोनशेच्या आसपास गेल्यावर ते शुद्धीवर येतात. धावपट्टीवर एक फेरी ऊबेसाठी मिळते. पौषातल्या सकाळी सहाला कन्नडहून निघून घाटाच्या तोंडाशी आलेल्या गाडीला ती फेरी कोण देणार? पहिल्याच वळणावर समोर उसाची ट्रॉली आली तर पॅड थंडच असणार. मावशीचे म्हणणे ह्याहून थोडक्यात होते. "गाडी केवढी पळते ते मला नका सांगू. उतारावर पहिल्या पायाला थांबते का, तेवढं सांगा."

पहिल्या पायाला. आम्ही दोघांनीही हे शब्द पॅडच्या प्रत्येक पत्रकाशी ताडून पाहिले. रोजच्या आणि शर्यतीच्या मधली एक जात असते. थंडीत कंपनीच्या पॅडइतकीच चावणारी आणि पाचशे अंशांच्या आसपास टिकणारी. ती चाकावर काळी भुकटी जास्त सांडते, हळू वेगात कधी किंचाळते आणि लवकर झिजते. तीच घेतली. पट्टीवर गेल्यावर वेगळे पॅड बदलून चढवावेत, हा पर्यायही होता, आणि अनेक जण तसे करतात. पण पॅड चांगला बसतो तो तबकडीवर आपल्याच द्रव्याचा पातळ थर चढवून, आणि दोन जातींचे थर एकमेकांवर चढले की ब्रेक थरथरतात. तबकड्या कंपनीच्याच मापाच्या, साध्या, आतून वारा खेळणाऱ्या, नव्या घेतल्या. बनावट पॅडांचा सुळसुळाट असल्याने खोके, मोहोर आणि बिल तपासूनच घेतले. द्रव ३०० अंशांच्या वर उकळणारा. तो शर्यतीसाठीचा असला तरी डॉट-४ च्याच कुळातला असल्याने गाडीच्या एबीएसला चालतो. डॉट-५ हा आकड्याने मोठा दिसला तरी सिलिकोनचा, तो अशा गाडीत घालायचा नसतो. रबरी नळ्यांच्या जागी पोलादी वेण्यांच्या नळ्या टाकाव्यात की नाही ह्यावर मतभेद राहिला. मूळच्या नळ्या कुठे फुगलेल्या नव्हत्या, म्हणून तूर्त तशाच ठेवल्या. धुळ्याचा पक्ष अजूनही अधूनमधून लाल कॅलिपरची छायाचित्रे पाठवतो.

नवे पॅड बसवण्याची एक रीत आहे. एका रविवारी पहाटे, पारोळ्याच्या अलीकडे महामार्ग मोकळा असताना, मागे कुणी नाही हे पाहून, ताशी ऐंशीवरून वीसपर्यंत दहा वेळा गाडी आवरली, पूर्ण न थांबवता. पूर्ण थांबली तर तापलेल्या तबकडीवर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो. सातव्या-आठव्या वेळी जळका वास आला, तो यायचाच असतो. मग पंधरा-वीस मिनिटे ब्रेकला हातही, म्हणजे पायही, न लावता धुळ्यापर्यंत गेलो. मेस्त्रींनी चाक काढून तबकडीवरचा निळसर-करडा एकसारखा थर पाहिला आणि मान हलवली.

ह्यंदा इरुंगट्टुकोट्टईला प्रत्येक खेपेस पाच फेऱ्या पळवल्या आणि सहावी ब्रेक न लावता, निवण्यासाठी सोडली. थांबल्यावर हँडब्रेक ओढला नाही, चाकाखाली लाकडाचा ठोकळा दिला. पॅडल शेवटपर्यंत टणक होते. शंभराच्या फलकापाशी ब्रेक लावायचा आमचा क्रम आम्ही बदललेला नाही. ऐंशीपर्यंत जाता येईल असे शेजारच्या गाडीवाल्याने सुचवले, पण ऐंशीला फलक नसतो. परतल्यावर पुढचे पॅड मोजले, ११ मिलिमीटरचे ८ झाले होते. मावशीला कन्नडला न्यायचे आहे ते दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी, पावसाळा सरताच, द्रव पुन्हा बदलायचा आहे.